शब्दावरून आत आणायचं, शब्दावरून बाहेर काढायचं नाही
संघटनेच्या ई-मेलची चाळणी : एक अनुभव

(वेगवेगळ्या जिल्ह्यांत सल्ला केंद्रं चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात, 'कार्यालयीन काम आणि आपण' या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

सकाळच्या सत्रात कायद्यावर बोलणं झालं, निधीवर बोलणं झालं. आता जेवणानंतरची वेळ, आणि विषय काय, तर ई-मेल. कार्यक्रमपत्रिका वाचून मघाशी दोघी-तिघी म्हणाल्या, "हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम, आपल्याला काय करायचंय?" मीही काही वर्षांपूर्वी हेच म्हणत होते. मी कॉम्प्युटर शिकलेली नाही. पण आमच्या केंद्रात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मी असं म्हणणं सोडलं. तिथूनच सुरुवात करते.

आमच्या केंद्राचा ई-मेलचा एकच पत्ता आहे. पत्रकांवर, भिंतीवरच्या पोस्टरवर, सगळीकडे तोच छापलेला. त्यामुळे त्यावर सगळंच येतं. वकिलांची पत्रं, संरक्षण अधिकाऱ्यांची उत्तरं, इतर संघटनांची निमंत्रणं, बातमीपत्रं, जाहिराती. मदत मागणाऱ्या बायकांची पत्रं येतात. हल्ली फोन आणि व्हॉट्सॲप जास्त चालतं हे खरंच. पण लग्न करून परदेशी गेलेल्या मुली, नोकरीच्या ठिकाणी त्रास होणाऱ्या बायका, ज्यांचा फोन नवरा तपासतो त्या, अजूनही ई-मेल करतात. आणि याच पत्त्यावर शिव्याही येतात. ज्यांच्या बायकांना आपण उभं राहायला मदत केली ते लिहितात, त्यांचे भाऊ लिहितात. एखाद्या प्रश्नावर आपण जाहीर भूमिका घेतली की अनोळखी पुरुषांची रांग लागते. त्यातली भाषा इथे सांगत नाही, तुम्हा सगळ्यांना ती पाठ आहे.

आता प्रश्न असा, की रोज सकाळी हे उघडतं कोण? आमच्याकडे उघडत होती सगळ्यांत धाकटी, अर्धवेळ काम करणारी मुलगी. आम्ही मोठ्या बाया मोर्चाला, कोर्टात, बैठकीला. ती एकटी कार्यालयात. रोज सकाळी पहिला अर्धा तास ती शिव्या वाचायची, बाजूला काढायची आणि मग कामाला लागायची. वर्षभर तिनं कुणालाही सांगितलं नाही. एकदा सहज विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, सवय झाली." मला फार लाज वाटली. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आपण गावोगाव समजावून सांगतो, आणि आपल्याच कार्यालयात एका मुलीच्या कामाचं स्वरूप म्हणजे रोज सकाळी शिव्या निवडणं.

तेव्हा आम्ही ठरवलं, की याला चाळणी लावायची.

पहिली चाळणी आणि तिचं भोक

ओळखीच्या एका मैत्रिणीच्या मुलानं एक साधं काम करून दिलं. शिव्यांच्या वीस-पंचवीस शब्दांची यादी केली, आणि ज्या पत्रात यातला शब्द असेल ते पत्र आपोआप 'घाण' नावाच्या कप्प्यात जाईल असा नियम लावला. दुसऱ्या दिवसापासून पत्रपेटी स्वच्छ. आम्ही खूश. 'घाण' कप्पा कोण उघडणार? कुणीच नाही.

बारा दिवसांनी काही कारणानं मी तो उघडला. साठ-सत्तर पत्रं होती. त्यांतली बहुतेक अपेक्षेप्रमाणेच होती, पण एक पत्र एका बाईचं होतं. तिनं लिहिलं होतं, की नवरा मला रोज अमुक म्हणतो, सासू तमुक म्हणते, मुलांसमोर म्हणतात. शब्द जसेच्या तसे लिहिले होते, कारण आपणच सांगतो ना, जे घडलं ते जसंच्या तसं लिहा. त्या शब्दांमुळे आमच्या यंत्रानं तिचं पत्र घाणीत टाकलं. शेवटी तिनं लिहिलं होतं, "या आठवड्यात कुणाशी तरी बोलायचं आहे." तो आठवडा जाऊन गेला होता.

तिला आम्ही शोधलं. ती सुखरूप होती, माहेरी निघून गेली होती. पुढे तिची केसही झाली. पण तिचं एक वाक्य मी विसरले नाही : "उत्तर आलं नाही तेव्हा वाटलं, तुम्हालाही माझी भाषा घाण वाटली असेल."

मैत्रिणींनो, शिवी देणारा आणि जिला शिवी दिली गेली ती, दोघांच्याही पत्रात शब्द तोच असतो. यंत्राला शब्द दिसतो, कोण कुणाला म्हणालं हे दिसत नाही. पोलीस ठाण्यात बाई तक्रार लिहिते तेव्हा "काय ही भाषा" म्हणून तिच्याकडेच बघतात, तसंच हे झालं. फक्त या वेळी ठाणं आपलं होतं.

चाळणी हवी का नको, असा वादच त्या दिवसानंतर आमच्याकडे उरला नाही. नियम कोण ठरवणार आणि चुकलं तर कुणाला कळणार, हा प्रश्न राहिला. म्हणून ते काम आम्ही मुलाकडून परत घेतलं आणि स्वतः शिकायला बसलो.

पत्र असतं कुठे?

हे समजून घेण्यासाठी थोडं मागे जाते. आपल्याकडे सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्यानंतर दोनच आठवड्यांनी चीनमध्ये बीजिंगजवळ हुआइरू इथे जागतिक महिला परिषदेच्या निमित्तानं स्वयंसेवी संघटनांचा मेळावा भरला. भारतातल्याही अनेक जणी तिथे गेल्या होत्या. तिथे असोसिएशन फॉर प्रोग्रेसिव्ह कम्युनिकेशन्स या जाळ्याच्या महिला गटानं ई-मेलचं केंद्र चालवलं होतं आणि त्यातल्या तंत्रज्ञ सगळ्या बायका होत्या. तारा जोडणाऱ्या बायका, शिकवणाऱ्याही बायका. तेव्हा "हे आपलं काम नाही" असं कुणी म्हणालं तर त्या तीस वर्षांपूर्वीच्या बायकांची आठवण ठेवा.

त्या काळात साधं खातं असलेल्यांना ई-मेल काळ्या पडद्यावर, नुसत्या अक्षरांत दिसायची. माउस नाही, चित्रं नाहीत. हुकूम टाइप करायचा, एन्टर दाबायचं. याला कमांड लाइन म्हणतात. आज मी ज्या साधनाबद्दल बोलणार आहे ते याच प्रकारचं आहे. म्हणजे जुनंच, पण कामाचं.

आपली पत्रं आपल्या कॉम्प्युटरवर नसतात. ती दूर कुठेतरी, ई-मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर असतात. त्याला सर्व्हर म्हणतात. पूर्वीची एक पद्धत अशी होती, की पत्रं सर्व्हरवरून उतरवून आपल्या कॉम्प्युटरवर घ्यायची. मग ती त्या एकाच ठिकाणी राहायची. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर उतरवलेलं पत्र घरून दिसणार नाही. १९८६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी दुसरी पद्धत काढली. तिला आयमॅप म्हणतात. यात पत्र सर्व्हरवरच राहतं, आणि आपण दुरून सांगतो : हे दाखव, ते या कप्प्यात ठेव, याला खूण कर. एका पत्त्यावर तिघी जणी काम करत असतील तर तिघींना एकच चित्र दिसतं. एकीनं पत्र 'कोर्ट' कप्प्यात ठेवलं की दुसरीलाही ते तिथेच दिसतं.

आपण वापरतो त्या साधनाचं नाव आहे आयमॅपफिल्टर. नावातच सगळं आलं. ते आपल्या कॉम्प्युटरवर बसतं, दूरच्या सर्व्हरशी आयमॅपच्या भाषेत बोलतं आणि आपण लिहून दिलेल्या नियमांनी पत्रं निवडतं. ते फुकट आहे, खुलं आहे. लिनक्स ही प्रणाली असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. आमच्याकडे एका देणगीदारानं टाकून दिलेला कॉम्प्युटर होता, त्यावरच चालवतो.

कुणी विचारेल, ई-मेल सेवेतच फिल्टर लावायची सोय असते, मग हा उपद्व्याप कशाला? चांगला प्रश्न आहे. पत्ता एकच असेल आणि नियम दोन-तीनच असतील तर तेच वापरा, खरंच. पण तीन कारणांनी आम्हाला हे बरं वाटलं. एक, आमचे पत्ते तीन, तीन ठिकाणचे. सगळ्यांचे नियम एका वहीत राहतात. दोन, सेवा बदलली तरी वही आपलीच राहते, नव्या ठिकाणी फक्त पत्ता बदलायचा. तीन, आणि हे महत्त्वाचं, सेवेतला फिल्टर साधारणपणे नव्यानं येणाऱ्या पत्राला लागतो आणि जाहिरातींच्या, म्हणजे स्पॅमच्या कप्प्यात तो सहसा डोकावत नाही. आयमॅपफिल्टर कुठल्याही कप्प्यात जाऊन, जुन्या पत्रांतूनही शोधतं. याचा आपल्याला मोठा उपयोग आहे, तो पुढे सांगते.

नियम लिहायचे कसे?

नियम एका साध्या फाइलमध्ये लिहायचे. भाषा आहे 'लुआ' नावाची. ही १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरो इथल्या कॅथलिक विद्यापीठात तयार झाली. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र, हे गोव्याच्या मैत्रिणींच्या घरातल्या जुन्या माणसांना लगेच कळेल. हुकूम इंग्रजी अक्षरांतच लिहावे लागतात, ते मी फळ्यावर लिहिलेत, उतरवून घ्या. इथे त्यांचा अर्थ सांगते.

आधी सर्व्हरचं नाव, खात्याचं नाव. मग पत्रांचे गठ्ठे करायचे. अमुककडून आलेली पत्रं हा एक गठ्ठा. विषयात 'तारीख' शब्द असलेली पत्रं हा दुसरा. न वाचलेली हा तिसरा. दोन दिवसांहून जुनी हा चौथा. आता गठ्ठे एकमेकांशी जोडता येतात. अधिक चिन्ह म्हणजे 'किंवा' : हा गठ्ठा किंवा तो, दोन्ही मिळून. गुणाकाराची चांदणी म्हणजे 'आणि' : दोन्ही गठ्ठ्यांत असलेलीच. वजा म्हणजे 'वगळून'. एवढंच गणित. तांदूळ निवडताना आपण हेच करतो, पण तिथे त्याला कुणी गणित म्हणत नाही.

उदाहरण देते. न वाचलेली पत्रं, चांदणी, दोन दिवसांहून जुनी पत्रं. म्हणजे काय? दोन दिवस होऊन गेले तरी कुणी उघडली नाहीत अशी. त्यांना ध्वजाची खूण कर. झाला एक नियम. आमच्या केंद्रात हाच सगळ्यांत उपयोगी ठरला. कुणी आजारी पडलं, शिबिरात गेलं, तरी पत्र पडून राहत नाही. जी पहिल्यांदा पेटी उघडेल तिला ध्वज दिसतो.

गठ्ठा झाला की त्याचं काय करायचं ते सांगायचं. दुसऱ्या कप्प्यात हलव, किंवा तिथे नक्कल ठेव, किंवा खूण कर, किंवा पुसून टाक. यातला शेवटचा हुकूम आम्ही आमच्या वहीत कधीच लिहीत नाही. या साधनानं पुसलेलं पत्र बऱ्याच सर्व्हरवर कचरापेटीत थांबत नाही, थेट जातं. परत येत नाही.

आणखी एक सांगते, हे खाली रेघ मारून लिहा. नियम लिहिला की लगेच चालवायचा नाही. हुकमापुढे आडवी रेघ आणि 'एन' हे अक्षर लिहून चालवायचा. म्हणजे कोरडी तालीम. साधन सगळं करून बघतं, पण सर्व्हरवर एकही पत्र हलवत नाही. त्याबरोबर 'व्ही' जोडलं तर काय काय करत आहे ते पडद्यावर लिहून दाखवतं. आमचा नियम असा, की नव्या नियमाची आठवडाभर रोज तालीम करायची, दोघींनी मिळून बघायचं, मगच तो खरा लावायचा. पहिल्या वेळी ही तालीम केली असती तर त्या बाईचं पत्र पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं.

आमचे पाच नियम

आता आमच्या वहीत काय आहे ते सांगते. तुमच्याकडे वेगळं असेल.

पहिला : ओळखीच्या कामाच्या पत्त्यांवरून आलेली पत्रं, म्हणजे वकील, संरक्षण अधिकारी, इतर संघटना, ही 'कामकाज' कप्प्यात. पत्त्यावरून, शब्दावरून नाही.

दुसरा : बातमीपत्रं 'वाचन' कप्प्यात.

तिसरा : जे लोक आधी धमकीची किंवा शिव्यांची पत्रं पाठवून चुकले आहेत त्यांचे पत्ते यादीत. त्यांची पत्रं 'पुरावा' कप्प्यात. हाही पत्त्यावरूनच. कप्प्याचं नाव आम्ही मुद्दाम बदललं. 'घाण' म्हटलं की कुणी हात लावत नाही. 'पुरावा' म्हटलं की जपून ठेवावंसं वाटतं.

चौथा : ध्वजाचा, मघाशी सांगितला तो.

पाचवा नियम त्या घटनेनंतर उलटा विचार करून केला. ई-मेल सेवा स्वतःच्या अंदाजानं काही पत्रं स्पॅममध्ये टाकते. अनोळखी पत्ता, घाईत लिहिलेलं, विषय कोरा, अशी पत्रं तिथे जाऊ शकतात. आणि मदत मागणारी बाई तर अशीच लिहिते. नवं खातं काढून, घाईत, विषय न लिहिता. जीमेलसारख्या सेवेत स्पॅममधलं पत्र ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून आमचं साधन दर तासाला स्पॅम कप्प्यात जातं आणि 'मदत', 'नवरा', 'सासर', 'मारहाण', 'वकील' असे शब्द असलेलं पत्र सापडलं की उचलून मुख्य पेटीत आणतं. त्यात चार जाहिराती येतात. येऊ द्या. चार जाहिराती वाचायला अर्धं मिनिट लागतं.

म्हणून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहिलं आहे : शब्दावरून आत आणायचं, शब्दावरून बाहेर काढायचं नाही. बाहेर काढायचं ते फक्त माणूस ओळखून. आणि जे कुठल्याच नियमात बसत नाही ते मुख्य पेटीतच राहील, माणसाच्या डोळ्यांसाठी.

मराठी शब्दांची अडचण

शब्द शोधताना आपली एक खास अडचण आहे, इंग्रजीवाल्यांना ती नाही. एक तर बायका तीन तऱ्हांनी लिहितात : देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि इंग्रजीत. इंग्रजी अक्षरांत 'नवरा' लिहिताना कुणी 'व्ही' लिहितं, कुणी 'डब्ल्यू'. दोन्ही यादीत हवेत. देवनागरी शब्द शोधायचे तर वहीत वर एकदा सांगावं लागतं, की शब्द युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीचे आहेत. नाहीतर सर्व्हरला कळत नाही.

दुसरी अडचण त्याहून गंमतीची. 'नवऱ्याने' या शब्दातला तो अर्धा र बघा, 'ऱ्या'मधला. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणजे आपल्या कामात सगळ्यांत जास्त येणारा शब्दच निसटतो! 'सासऱ्याने'चंही तेच. उपाय सोपा आहे : पूर्ण शब्द शोधू नका, 'नवर' आणि 'नवऱ' असे सुरुवातीचे तुकडे दोन्ही शोधा. आम्हाला हे कळायला दीड महिना लागला. तुमचा दीड महिना वाचला.

पुरावा म्हणजे काय?

आता कायद्याचा भाग. बाईनं नको म्हटल्यावरही वारंवार संपर्क करणं, पाठलाग करणं, तिच्या इंटरनेटवर, ई-मेलवर पाळत ठेवणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. तेव्हा तो भारतीय दंड संहितेत ३५४-ड कलमाखाली आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तो ७८ व्या कलमात आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा, शिवाय दंड.

पण ई-मेल पुरावा म्हणून मांडायची तर मूळ पत्र हवं. पत्राच्या वर एक न दिसणारा मजकूर असतो : ते कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून, किती वाजता आलं. त्याला हेडर म्हणतात, पोस्टाच्या शिक्क्यांसारखा. तुम्ही पत्र नुसतं पुढे पाठवलं तर ते शिक्के बहुधा हरवतात. पडद्याचा फोटो काढला तरी ते येत नाहीत. आयमॅपमध्ये पत्र एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवलं तर मात्र ते शिक्क्यांसकट जसंच्या तसं राहतं. म्हणून आमचा 'पुरावा' कप्पा. कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी यासाठी ६५-ब कलम होतं. ते वकिलांशी बोलून करा. आपलं काम एवढंच, की तोवर काही पुसलं जाऊ नये.

त्याचबरोबर हेही लक्षात ठेवा, की 'पुरावा' कप्पा न उघडणं धोक्याचं आहे. "उद्या कोर्टाबाहेर बघून घेतो" हे पत्र नीट कप्प्यात पडून राहिलं आणि कुणी वाचलंच नाही, तर आपण बाईला सावध करू शकत नाही. म्हणून केस चालू असेल तेव्हा तो कप्पा रोज उघडायचा, एरवी आठवड्यातून एकदा. पाळी लावून, दोघींनी मिळून, कामाच्या वेळात. एकटीनं कधीच नाही. कार्यकारिणीतल्या मोठ्या बाईची पाळीही त्यात आलीच पाहिजे. सुरुवातीला आमच्यातल्या एक-दोघी म्हणाल्या, "मला हे वाचवत नाही." आम्ही म्हटलं, त्या मुलीलाही वाचवत नव्हतं.

चाळणी त्याच्याही हातात असते

आणखी एक बाजू सांगितली नाही तर हे बोलणं अर्धवट राहील. हीच सोय नवराही वापरतो. बायकोचं खातं त्यानंच उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्याला माहीत असतो. तो तिच्या खात्यात गुपचूप नियम लावतो, की वकिलाकडून आलेलं पत्र तिला दिसू नये, थेट दुसऱ्या कप्प्यात जावं. किंवा तिच्या प्रत्येक पत्राची नक्कल त्याच्याकडे जावी. तिला पत्ताच नसतो. ती म्हणते, "वकील उत्तरच देत नाहीत."

म्हणून सल्ल्याला आलेल्या बाईला विचारा, तुमचं ई-मेल खातं कुणी काढून दिलं? तिच्या परवानगीनं, तिच्यासमोर, खात्याच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा : कुठले फिल्टर लावले आहेत, आणि पत्रं दुसरीकडे पाठवायचा पत्ता टाकलेला आहे का. सापडलं तर लगेच काढू नका. आधी फोटो घ्या, तारीख लिहा. आणि तिला विचारा, की हे काढलं तर घरात काय होईल? कारण काढल्या क्षणी त्याला कळणार असतं. कधी कधी ते तसंच ठेवून, मैत्रिणीच्या फोनवरून नवं खातं उघडणं जास्त सुरक्षित असतं. निर्णय तिचा.

आपल्या स्वतःच्या साधनाबद्दलही तीच सावधगिरी. नियमांच्या फाइलमध्ये पासवर्ड लिहिला तर तो उघड्या अक्षरांत राहतो. न लिहिला तर साधन दर वेळी विचारतं. तासातासाला आपोआप चालवायचं असेल तर काहीतरी सोय लागतेच, पण मग ती फाइल फक्त एकाच वापरकर्त्याला वाचता येईल असं कुलूप घाला. जीमेलसाठी नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. हे बरंच आहे. कॉम्प्युटर चोरीला गेला, कार्यकर्ती सोडून गेली, तर तेवढाच रद्द करता येतो. आणि हे विसरू नका, की चाळणीनं पत्रं गुप्त होत नाहीत. ती कंपनीच्या सर्व्हरवरच असतात. कुणा बाईचा लपण्याचा पत्ता ई-मेलमध्ये लिहू नका, चाळणी असो वा नसो.

वही कुणाची?

शेवटचा मुद्दा. कुणाचं पत्र वर दिसेल, कुणाचं बाजूला जाईल, हे ठरवणं म्हणजे अधिकार आहे. तो कॉम्प्युटर येणाऱ्या एकाच व्यक्तीच्या हातात राहिला तर आपल्या संघटनेतही तेच होईल जे घरात होतं. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक नियमावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : कुणी लावला, कधी, का. लुआमध्ये ओळीच्या आधी दोन आडव्या रेघा काढल्या की ती ओळ यंत्र वाचत नाही, माणसांसाठी राहते. तिथे आम्ही मराठीत लिहितो. दर तीन महिन्यांनी बैठकीत वही मोठ्यानं वाचतो. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. दुसऱ्या वेळी एकीनं विचारलं, "अमक्या बाईंच्या भावाचा पत्ता अजून पुरावा यादीत का? तो आता तिच्या बाजूनं साक्ष देतोय." खरंच, आम्ही विसरलो होतो. त्याची दोन पत्रं तिथे पडून होती.

आता ही वही सांभाळते कोण? तीच मुलगी, जी एकटी शिव्या निवडत होती. ती आता पूर्णवेळ आहे. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करते, आणि आम्हाला शिकवते. मागच्या महिन्यात मी स्वतः एक नियम लिहिला. एका जागी स्वल्पविराम विसरला, पडद्यावर चूक दिसली. ती म्हणाली, "ताई, घाबरू नका, तालीमच आहे, काही हललेलं नाही."

तर मैत्रिणींनो, इथून गेल्यावर तीन गोष्टी करा. पहिली, आज रात्रीच तुमच्या केंद्राचा स्पॅम कप्पा उघडा आणि मागच्या ३० दिवसांतली पत्रं हातानं बघा. त्यासाठी कुठलंही साधन लागत नाही. दुसरी, विचारा की सकाळी पेटी कोण उघडतं, आणि तिला काय काय वाचावं लागतं. तिसरी, दोघी जणी पुढे या, एक साधं आणि एक कोर्टकचेरीचं काम करणारी. जुना कॉम्प्युटर शोधा. चाचणीसाठी नवं, रिकामं खातं काढा आणि त्यावर पहिला नियम लिहून बघा. तालमीपासूनच.

अडलं तर आम्हाला ई-मेल करा. दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर तुमच्या पत्रावर ध्वज लागलेला असेल.